वोनहाइमच्या किचनमधली बुधवारची जेवणं: आधी परवानगी कागदावर घे

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ऑक्टोबरात जर्मनीला आलीस, मजल्यावर सात-आठ देशांची मुलं आहेत, दर बुधवारी वेगळी थीम ठरवून सगळ्यांनी एकत्र जेवावं असं तुझ्या मनात आहे. वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी होस्टेलच्या ऑफिसात विचारलं तर काउंटरवरची बाई "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणाली, ईमेलला मात्र उत्तर नाही. आणि तुझा प्रश्न असा, की तोंडी हो म्हटलंय तर सुरू करू का?

नको करूस. निदान पुढचं वाचेपर्यंत तरी नको. (मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

किती तांदूळ लागतात, भांडी कोणी घासायची, हे मी सांगत बसत नाही. दोन बुधवार झाले की आपोआप कळतं. मला सांगायचंय ते ऑफिसबद्दल.

आमचं वोनहाइमही असंच होतं. ऑफिस आठवड्यातून दोनदा उघडायचं, तेही थोडा वेळ. मी रीतसर गेले, विचारलं. तिथल्या माणसाने मान डोलावली. "अर्ज लागतो का?" विचारलं तर म्हणाला, एवढ्याशासाठी कशाला अर्ज. ईमेल पाठवली, तिचं उत्तर कधीच आलं नाही. आम्ही जेवणं सुरू केली आणि पुढचे कित्येक महिने कोणाची एका शब्दाची तक्रार नव्हती.

मग एका बुधवारी थीम होती मिरची. मी ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या होत्या, शेजारच्या शेगडीवर मेक्सिकोची मैत्रीण सुक्या मिरच्या भाजत होती. असा ठसका उठला की सगळे खोकत सुटले आणि कोणीतरी हवा यावी म्हणून कॉरिडॉरचं दार सताड उघडलं. अर्ध्या मिनिटात अख्ख्या इमारतीत भोंगा, सगळे जिन्याने खाली, आणि थोड्या वेळाने बंब दारात.

आता यातली मेख बघ. आमच्या इमारतीत किचनमधला सेन्सर तापमानावर चालणारा होता, म्हणून इतके महिने फोडण्या देऊनही तो कधी वाजला नाही. कॉरिडॉरमधले मात्र धुरावर चालणारे होते आणि ती सगळी यंत्रणा थेट अग्निशमन दलाला जोडलेली होती. म्हणजे किचनचं दार बंद आणि खिडकी उघडी असती तर काहीच झालं नसतं. ही एक ओळ ऑफिसने किचनच्या दारावर चिकटवायला हवी होती. नियमावलीत सायकल कुठे लावायची यावर पानभर मजकूर होता, याबद्दल अक्षर नाही. मला हे सांगितलं हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने, आणि तेही बंब येऊन गेल्यावर.

काही आठवड्यांनी पत्र आलं. बंबाच्या फेरीचा खर्च, वर ऑफिसचं प्रशासकीय शुल्क, सगळं माझ्या एकटीच्या नावावर, कारण ईमेल माझी होती. म्हणजे परवानगीसाठी ती ईमेल "मिळालीच नव्हती" आणि आयोजक कोण हे ठरवायला तीच ईमेल पुरावा! तोंडी परवानगी दिली होती म्हटलं, तर "अशी नोंद नाही". मान डोलावणारा माणूस समोरच बसला होता, त्याने वर बघितलंही नाही. हे लिहिताना आजही मला चीड येते.

खरा फटका पुढे बसला. शिक्षण संपल्यावर दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ऑफिसने हा वाद दाखवून माझं पूर्ण डिपॉझिट अडकवून ठेवलं. नव्या घरासाठी डिपॉझिट लगेच भरायचं होतं, ते मैत्रिणीकडून उसने घेऊन भरलं. (जाता जाता: जर्मन कायद्याप्रमाणे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. हे मला फार उशिरा कळलं. तू आत्ताच लक्षात ठेव.) शेवटी विद्यार्थी संघटनेच्या, म्हणजे आस्टाच्या मोफत कायदेशीर सल्ल्यातल्या वकिलाने पत्र लिहून दिलं तेव्हा बरेचसे पैसे सुटले, सगळे नाहीत. असा सल्ला बऱ्याच विद्यापीठांत मिळतो. आपली मुलं तिथे जातच नाहीत, उगाच घाबरून पैसे भरून मोकळी होतात.

मी वकील नाही, आणि प्रत्येक वोनहाइमचे नियम वेगळे असतात. तरी माझं मत ठाम आहे: ऑफिसकडून लेखी हो येईपर्यंत जेवण तुझ्या नावावर घालू नकोस. ईमेलला उत्तर नसेल तर साध्या कागदावर पत्र लिही. किती जण, कोणता वार, किती वाजेपर्यंत, एवढंच. त्याच्या दोन प्रती ने आणि एकीवर तारीख-सही-शिक्का मागून घे. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. पत्रावर दोन-तीन जणांची नावं घाल, एकटीचं नको. हाउसमाइस्टरला एकदा चहाला बोलाव आणि कुठला सेन्सर कशावर वाजतो हे विचार. इमारत ऑफिसपेक्षा त्याला जास्त माहीत असते. हाफ्टप्फ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, काढला नसशील तर काढच. अशा खोट्या अलार्मचा खर्च त्यात येतो का, हे पॉलिसीत वाचून घे, सगळ्यांत येत नाही. आणि फोडणी टाकताना दार बंद, खिडकी उघडी. कितीही ठसका लागला तरी दार उघडायचं नाही.

रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, हे तुला माहीत असेलच. त्यामुळे जेवण सात वाजता. बुधवार निवडलास ते उत्तम, कारण शनिवार-रविवारी जर्मन मुलं घरी जातात आणि रविवारी दुकानंही बंद.

थीमबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगतेच. "भारत", "इटली", "सीरिया" अशा देशांच्या थीम ठेवू नकोस. त्यात एका माणसावर सगळ्या स्वयंपाकाचा भार पडतो आणि त्याला आपल्या देशाची परीक्षा दिल्यासारखं वाटतं. एक जिन्नस ठेव. बटाटा, तांदूळ, आंबवलेलं, भाकरी-पोळी. मग प्रत्येक जण आपल्या घरचं काहीतरी करतो आणि गप्पांना विषय शोधावा लागत नाही. आमचा सगळ्यात रंगलेला बुधवार लाल भोपळ्याचा होता. इथे शरद ऋतूत होक्काइडो नावाचा नारिंगी भोपळा मिळतो, तो सालीसकट शिजतो. मी घारगे केले, खालच्या मजल्यावरच्या जर्मन मुलाने आजीच्या पद्धतीचं सूप केलं, आणि दोन्हीत तोच भोपळा आहे यावर कोणाचा विश्वास बसेना. उन्हाळी सत्रात पांढरा श्पारगेल, म्हणजे ॲस्परॅगस घे, पण त्याचा हंगाम २४ जूनला संपतो, तेव्हा जुलैवर ढकलू नकोस.

गोडात श्रीखंड कर. चक्का शोधत फिरू नकोस. सुपरमार्केटातला क्वार्क घे, मागरक्वार्क नव्हे, ४० टक्के फॅटवाला. फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेव. खाली वाटीभर पाणी सुटतं. मग पिठीसाखर, वेलची, केशर. अगदी घरच्यासारखं लागतं.

तुझी एक मैत्रीण कट्टर शाकाहारी आहे म्हणतेस, तर पार्मेझान चीज कोणी आणलं तर तिला सांग; ते वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतं. थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबी असते. आणि आपल्या बाजूने दोन गोष्टी सांभाळ. दाण्याचं कूट कशात घातलंय हे आधीच मोठ्याने सांगायचं, शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. दुसरं हिंग. डब्यातल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. ज्याला ग्लुटेन चालत नाही तो आपला वरण-भात निर्धास्त खातो आणि आजारी पडतो. युरोपात पाकिटावर १४ ॲलर्जी-घटक ठळक छापावे लागतात, ते वाचायची सवय सगळ्यांनाच लाव.

पैशांसाठी ॲपवर सेंटासेंटाचा हिशोब ठेवू नकोस, त्याने मैत्री विटते. किचनमध्ये एक डबा ठेव, ज्याला जमेल तसं टाकू दे. लोक प्यायला आणतात त्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन दुकानात परत केले की प्रत्येकी २५ सेंट फांड, म्हणजे भरलेली अनामत, परत मिळतं, तेही त्याच डब्यात. आमचं तेल-मसाल्याचं बरंचसं त्यातूनच निघायचं.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाल्या की जेवणं बंद ठेव आणि तसं आधीच जाहीर कर, नाहीतर लोक संकोचाने येत राहतात. एप्रिलमध्ये नवे चेहरे आलेले असतात, तेव्हा पत्र नव्या नावांनी पुन्हा दे. जुन्या परवानगीवर नवं सत्र चालवू नकोस. पत्राचा जर्मन मसुदा हवा असेल तर इथेच लिही, माझ्याकडे आहे तो टाकते.