डोंगर चरून आलेल्या गाईला संध्याकाळी काय द्यावं?

फाल्गुन लागला की मुळशी, मावळ, भोरकडून दरवर्षी हाच प्रश्न येतो: "गुरं दिवसभर डोंगरावर असतात, पोट टम्म भरून येतात, तरी बरगड्या दिसायला लागल्यात. गाई माजावर येत नाहीत. मक्याचा भरडा सुरू करू का?"

भरडा जरा थांबवा. खोट पोट भरण्यात नाही, प्रथिनांत आहे. पावसाळ्यातलं कोवळं गवत चांगलंच असतं, पण दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात प्रथिनं ३-४ टक्केच उरतात. गाईच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव गवत पचवतात, त्यांना चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिनं हवीत. ती नसली की पचन मंदावतं, गवत पोटात पडून राहतं आणि गाय कमी खाते. टम्म पोटाचं कोडं हे असं आहे.

हिशोब मांडू. ३०० किलोची गाय रोज साधारण ६ किलो वाळलं गवत खाते. साडेतीन टक्क्यांनी त्यातून २१० ग्रॅम प्रथिनं मिळतात, लागतात ४२०. उरलेली २१० ग्रॅम अर्धा किलो शेंगदाणा पेंडीतून किंवा सुमारे एक किलो सरकी पेंडीतून येतात. लसूणघास असेल तर पाच किलो ओला घासही तेवढंच काम करतो, आणि तो विकत आणावा लागत नाही. पेंड घेताना नुसता पोत्याचा भाव बघू नका. किलोचा भाव भागिले प्रथिनांचा टक्का, ज्याचा आकडा कमी ती पेंड स्वस्त. बुरशीचा वास आला तर मात्र फुकटही घेऊ नका.

मका वाईट नाही. पण प्रथिनं कमी असताना नुसता भरडा दिला तर गवताचं पचन आणखी बिघडतं. आधी पेंड, मग वाटलं तर मूठ-दोन मुठी भरडा.

आंबोण, म्हणजे हा पेंड-भरड्याचा खुराक, संध्याकाळी, गुरं परतल्यावर द्या. सकाळी दिलंत तर दुसऱ्या दिवसापासून ती गोठ्यापाशीच घुटमळतात, डोंगर चढत नाहीत. गाभण आणि अशक्त गाय वेगळी बांधा, नाहीतर दांडगी जनावरं तिचा वाटा खातात. रोज पेंड घालणं जमत नसेल तर दोन दिवसांची एकदम, एक दिवसाआड दिली तरी चालते. हे फक्त पेंडीबाबत. भरड्याबाबत असं केलंत तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं.

भोरकडून आणखी एक विचारणा आहे, गाई हाडं आणि चिंध्या चघळतात. बहुतेक वेळा ही स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूट-चिमूट नव्हे, चांगलं २५-३० ग्रॅम मीठ द्या. रानात पडलेली हाडं उचलून पुरा, त्यांतून विषबाधा होते.

भाताच्या पेंढ्यावर युरिया शिंपडून लगेच घालू का, असंही एकाने विचारलंय. अजिबात नको! १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद ठेवा आणि २१ दिवसांनी उघडा. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी लागेल असं कुठेही ठेवू नका.

दौंड-इंदापूरच्या मंडळींनी उसाच्या वाढ्यांबद्दल (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याबद्दल) विचारलंय. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका. कडब्याची कुट्टी मिसळा आणि खनिज मिश्रण चुकवू नका.

एवढं करून महिन्याभरात अंगावर मांस धरलं नाही, किंवा जबड्याखाली मऊ सूज दिसली, तर पेंड वाढवू नका. भातखाचरांच्या भागात गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमी होतात. शेणाचा नमुना डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, आणि औषध त्यांनी सांगितलेलंच पाजा.