रागांचा तक्ता बाजूला ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या, डे केअरमध्ये आठवड्यातून दोनदा गाणार आहेस, हे वाचून बरं वाटलं. मेलसोबत पाठवलेला तक्ताही पाहिला. झोपेसाठी दरबारी, रक्तदाबासाठी पूरिया, संधिवातासाठी आणखी काही. असले तक्ते व्हॉट्सअॅपवर कधीपासून फिरताहेत. रागसंगीत माझ्या जिवाभावाचं आहे, म्हणूनच स्पष्ट सांगते: हा तक्ता फाडून टाक. अमुक रागाने अमुक दुखणं बरं होतं, याला भक्कम पुरावा नाही. आणि ज्या आजोबांनी उभा जन्म भजनी मंडळात पखवाज वाजवला, त्यांना दरबारी कशाला ऐकवायचा? तुझं विशारद सूर-लयीच्या कामी येईल, पण काय गायचं ते समोरचा माणूस ठरवणार.

घरची मंडळी पहिल्याच भेटीत विचारतील, "याने आईला पुन्हा सगळं आठवायला लागेल का हो?" नाही म्हणून सांग. आशा लावून ठेवू नकोस. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये डिमेन्शियातल्या संगीतोपचाराच्या निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या. निदान पाच सत्रं झाली तर उदासी बहुधा कमी होते, वागण्यातल्या एकूण अडचणीही थोड्या निवळतात, असं त्यात दिसलं. स्मरणशक्तीवर किंवा मारझोड-आक्रमकतेवर फारसा परिणाम दिसला नाही. तरी उदासी थोडी उतरली, तर चोवीस तास सांभाळणाऱ्या सुनेला त्याचं मोल कळतं. औषधं मात्र डॉक्टरांच्या हातात राहू देत.

बाकी सगळं विसरलं तरी गाणं टिकतं कसं, हेही घरचे विचारतील. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो, त्यामुळे सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. पण जुनं, ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांची झीज या आजारात तुलनेने उशिरा होते, असं लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. शिवाय गाण्याची सवय जिभेला, श्वासाला आणि हातालाही लागलेली असते.

आता गाण्यांची यादी. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. जन्मसाल विचार आणि माणूस साधारण दहा ते पंचवीस वर्षांचा असतानाची गाणी शोध, तीच सगळ्यांत पक्की बसलेली असतात. १९४३ साली पुण्यात जन्मलेल्या आजी १९५५ मध्ये बारा वर्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. त्याच वयाच्या एखाद्या आजोबांच्या कानात बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला असेल.

पण आपल्या पुणेरी कानाला वाटतं, की म्हातारं माणूस म्हणजे नाट्यसंगीत आणि भावगीत. लालबाग-परळला हयात गेलेल्या गिरणी कामगाराची गाणी भजनाची, शाहिरीची असतील. कोकणातून आलेला असेल तर बाल्या नाचाची. कुणाच्या घरी भीमगीतं असतील, वसईच्या कुणा आजोबांना चर्चमधली स्तोत्रं पाठ असतील, कुणाला लावणीखेरीज काही आवडलं नसेल आणि मुलांना ते सांगायची लाज वाटत असेल. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि माणूस लहानपणच्या बोलीवर येतो. तेव्हा मालवणी, अहिराणी, कानडी, जी असेल ती विचारून घे.

"आईचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारलंस, की मुलगा स्वतःच्या आवडीचं सांगतो. त्यापेक्षा विचार, की घरात रेडिओ कधी आला, मुलांना निजवताना त्या काय म्हणायच्या, पोळ्या लाटताना काय गुणगुणायच्या, भोंडल्याला जायच्या का. आणि कोणतं गाणं लागलं की त्या उठून आत जायच्या? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लाल शाईने लिही. नवऱ्याच्या आजारपणात सतत वाजलेलं एखादं गाणं तू भाबडेपणाने लावशील आणि दिवस नासेल.

एका आजींचं सांगते. पूर्ण वाक्य बोलणं थांबलं होतं, दिवसभर पदराने टेबल पुसत बसायच्या. मी शेजारी बसून जात्यावरची एक ओवी म्हटली. टेबल पुसणारा हात हळूहळू गोल फिरायला लागला, मग दुसरा हातही खुंट्यावर आल्यासारखा त्याच्यावर आला. दुसऱ्यांदा म्हणायला लागले तशी त्यांनी मान हलवली. माझी चाल त्यांना पसंत नव्हती! त्यांनी त्यांच्या गावची चाल धरली, माझ्याहून बरीच सावकाश, शेवटाला लांब हेल देत. मी गप्पपणे त्यांच्या मागे गेले. दुसऱ्याला चूक दाखवण्याचा हक्क त्या बाईला कितीतरी महिन्यांनी मिळाला असेल.

तेव्हा मैफल करू नकोस. तान नको, हरकत नको. तू पेटीच्या काळी पाचला, म्हणजे उंच सुरात गातेस, आजींचा आवाज तिथे पोचणार नाही, पांढरी चारला किंवा आणखी खाली उतर. खरं तर त्यांनी काही गुणगुणलं तर तोच सूर धर आणि पेटी त्याला मिळव. लय निम्मी ठेव. आरतीचा शेवटचा शब्द गाळ आणि मनात दहापर्यंत मोज. शब्द आला तर आला, नुसते ओठ हलले तरी त्यांनी भाग घेतला. थांबणं तुला फार जड जाईल, गाणाऱ्यांना जातंच.

टाळ जपून वाजव. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला तो कानात खुपतो, खंजिरी किंवा घुंगरू बरे. यंत्राचा सेल संपलेला नाही ना, तेही आधी बघ. मोबाइलवरून गाणं लावायचं तर आधी डाउनलोड करून घे, कारण अंतऱ्याच्या मध्येच कुणीतरी बाई किंचाळत साबण विकायला लागली, की हे लोक दचकतात आणि पुन्हा जाग्यावर येत नाहीत. सत्र शक्यतो चारच्या सुमाराला ठेव. दिवस कलला की अनेकांची घालमेल सुरू होते, "मला घरी जायचंय" चालू होतं, त्याच्या आधीच माणूस गाण्यात असलेला बरा.

मुठी आवळल्या, कानांवर हात गेले, खुर्ची मागे सरकली, की कडवं अर्धं असलं तरी थांब. नुसतं डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नकोस, शेजारी बसून राहा.

भारतात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तू आणि मी किती जणांपुढे बसणार? म्हणून ब्युरोतून आलेल्या मावशींना शिकव, मुलीला शिकव, सुनेला शिकव. स्वीडनमध्ये एव्हा गॉटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या पेशंटांची सकाळची आवराआवर पाहिली, त्यांचा लेख २००२ चा आहे. सांभाळणारी व्यक्ती कपडे बदलताना, तोंड धुताना गात असली, तर सूचना कमी द्याव्या लागत आणि पेशंटला काय चाललंय ते आपसूक उमगे. अंघोळीवरून रोज रणकंदन होणाऱ्या घराला हे आधी सांग. मावशींचा सूर लागत नाही? न लागू दे.

आणि रील करू नकोस, घरच्यांनी आग्रह केला तरी. २०२० मध्ये स्पेनमधल्या एका वृद्ध नर्तकीचा संगीत ऐकून हात हलवतानाचा व्हिडिओ जगभर फिरला, त्यात तिच्या तरुणपणीची म्हणून जोडलेली दृश्यं दुसऱ्याच नर्तकीची निघाली. बघणाऱ्यांना चमत्कार हवा असतो, आणि ज्यांचं चित्रण होतं त्यांची संमती मागण्याची सोय उरलेली नसते.

पहिल्या दोन भेटींत पेटी नेऊच नकोस. नुसती बस, चहा घे, कोण काय गुणगुणतंय ते ऐक. पाच-सहा जणांच्या याद्या तयार झाल्या की माणसांची नावं वगळून मला पाठव. जन्मसाल, गाव आणि घरची भाषा हे तिन्ही रकाने भरलेले हवेत, नाहीतर मी परत पाठवीन.

तुझी,
मावशी