दोन आकड्यांमधली तफावत

प्रश्न : मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मातीतल्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीने मोजण्याचा प्रकल्प घ्यावा असं मनात आहे. बाबा म्हणतात, आयसीपी-एमएससारखं धातू मोजणारं आधुनिक यंत्र असताना हे जुनं तंत्र कशाला शिकतेस? काय करू?

उत्तर : बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. या तंत्राचं मूळ, म्हणजे पाऱ्याच्या थेंबावर विभव बदलत विद्युतप्रवाह मोजणारी पोलरोग्राफी, चेक रसायनशास्त्रज्ञ हेरॉव्हस्कींनी १९२२ मध्ये शोधली; १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण आयसीपी-एमएस सांगतं ते विरघळलेल्या धातूचं एकूण प्रमाण. त्यातला बराचसा ह्यूमिक पदार्थांनी (कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनणाऱ्या सेंद्रिय पदार्थांनी) घट्ट धरून ठेवलेला असू शकतो, आणि तो मुळांच्या हाती सहज लागत नाही. तुझ्या इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीत, म्हणजे स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीत, इलेक्ट्रोडवर जमतो तो मुख्यतः मोकळा किंवा सैल बांधलेला धातू. ऋण विभवावर (विद्युतदाबावर) काही मिनिटं तो साठवायचा, मग विभव धनाकडे सरकवायचं. आधी कॅडमियम सुटतं, मग शिसं, मग तांबं. आधी साठवल्यामुळेच लिटरमागे मायक्रोग्रॅमहून कमी धातूही पकडता येतो. दोन्ही यंत्रांच्या आकड्यांत जी तफावत येते, तिथेच तुझा प्रकल्प आहे. बाबांना हे दाखव.

आता कटकट. निम्मा दिवस बाटल्या नायट्रिक आम्लात बुडवण्यात आणि इलेक्ट्रोड घासण्यात जाईल. तेच ह्यूमिक पदार्थ इलेक्ट्रोडवर बसून आलेखातली विद्युतप्रवाहाची शिखरं बुटकी करतात. अतिनील किरणांनी ते मोडता येतात, पण मग बांधलेला धातूही मोकळा होतो आणि जे मोजायला निघालो तेच हातचं जातं! काहींना हा पेच आवडतो, काही महिन्याभरात वैतागतात. तू कुठल्या गटातली, हे कळायला मार्गदर्शकांकडे दोन महिने हाताने काम करून बघ.

नोकरीचं म्हणशील तर फक्त ‘मातीतल्या पाण्यातले धातू’ एवढ्यासाठी जागा क्वचितच निघतात. तपासणी प्रयोगशाळेत जायचं असेल तर आयसीपी-एमएससुद्धा शिकून घे. पोटेन्शिओस्टॅटवर (विभव ठरवून प्रवाह मोजणाऱ्या या कामाच्या यंत्रावर) बसलेला हात मात्र बॅटरी, गंज आणि जैवसंवेदक या तिन्हीकडे चालतो. रक्तातली साखर मोजणारं घरगुती यंत्रही बहुधा विद्युतप्रवाहच मोजतं.

मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी एक विचारून घे : तिथे इलेक्ट्रोडवर पारा वापरतात की बिस्मथ? पारा विषारी असल्यामुळे २००० सालापासून बिस्मथचा थर रुळत गेला. पारा असेल तर त्याची विल्हेवाट कशी लावतात, हेही विचारून घे.