पालेभाजी आधी चिरावी की धुवावी? आणि रोज पालक खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पहिल्यांदाच घराबाहेर एकट्या राहताय, हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून महिनाभर रोज पालक खाताय. पालक चिरून चाळणीत धुताय, उकळून ते हिरवं पाणी ओतून देताय आणि मग परतताय. तरी फरक नाही. मी साताऱ्यात १८ वर्षं डबे देते, आठवड्यातून तीन दिवस सकाळी २५-३० जुड्या हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निवडायची, मग धुवायची, मग चिरायची. हा क्रम मोडू नका. चिरलेल्या पानाची प्रत्येक कड उघडी असते आणि सी जीवनसत्त्व, फोलेट ही पाण्यात विरघळणारी सत्त्वं तिथूनच निघून जातात. फोलेट तर रक्त तयार व्हायलाच लागतं, म्हणजे नेमकं तुम्हाला हवं तेच मोरीत जातंय.

धुताना नुसतं नळाखाली धरून भागत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवून हाताने खालीवर करा आणि दोन मिनिटं हात लावू नका. माती तळाला बसते. मग पानं वरच्या वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलं की तळची रेती परत त्याच पानांवर येऊन बसते. माझ्याकडे नवीन आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी हेच करते, आणि मग मेथी दाताखाली कचकचते. पानं काढल्यावर पातेल्याच्या तळाला बोट फिरवा. कच लागत नाही तोवर पाणी बदला. पावसाळ्यात मेथीला चार पाणी लागतात. पालकाच्या जुडीचा बुडखा आधीच कापून टाका, निम्मी माती तिथेच असते.

आता उकळण्याचं. पालक उकळून पाणी टाकायला एकच खरं कारण आहे, ते म्हणजे मुतखड्याचा त्रास. ज्याचे मुतखडे होऊ शकतात ते ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य पालकात भरपूर असतं आणि त्यातलं बरंचसं त्या पाण्यात उतरतं. तुम्हाला तसं काही नसेल तर पाणी भाजीतच राहू द्या. डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी करायची आपली पद्धत याच कामाची आहे, सगळं ताटातच येतं. कोरडी करायची असेल तर तेलात लसूण-मिरची टाका, चिरलेली भाजी घाला, वरून पाणी नको, पाच-सात मिनिटांत उतरवा. मीठ भाजी खाली बसल्यावरच टाका, कढई भरलेली दिसते तेव्हा अंदाज हमखास चुकतो. आणि तेलाला घाबरू नका. पानांमधलं कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते तेल-तुपाशिवाय नीट अंगी लागत नाही. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा मात्र कधीच घालू नका, त्याने सी जीवनसत्त्व जातं.

आणि लोहाबद्दल तर कळकळीने सांगते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. त्यात पानांमधलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. त्यामुळे एकट्या पालकावर भिस्त ठेवून चालणार नाही.

धाकटीच्या वेळी माझंही हिमोग्लोबिन ९ च्या आत गेलं होतं. रोज पालक खायचे आणि ताट उचललं की लगेच कपभर चहा, आमच्या घरची सवयच ती. तपासणीच्या वेळी एका नर्सताईंनी दिवसभराचं खाणं विचारून घेतलं आणि चहाशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, ‘ताई, तुमचं लोह हा चहाच अडवतोय.’ चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. तेव्हापासून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा बंद, आणि भाजीवर लिंबू पिळायचं ते कढईत नाही, ताटात वाढल्यावर. लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे पानांमधलं लोह जास्त शोषलं जातं, पण ते आचेवर टिकत नाही. मोठं काम अर्थात गोळ्यांनीच केलं. तुम्हालाही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर भाजीच्या भरवशावर त्या सोडू नका, आणि चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका.

रोज पालकच कशाला? लाल माठात आणि मेथीत लोह पालकापेक्षा जास्त आहे. कॅल्शियम हवं असेल तर मेथी आणि शेवग्याचा पाला बघा. पालकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेट धरून ठेवतं, आपल्याला फार थोडं मिळतं. कच्चं आवडत असेल तर खानदेशात करतात तसा घोळाणा करा. कोवळी मेथी, कांद्याची पात बारीक चिरून त्यात दाण्याचं कूट, मीठ, तेल, लिंबू. शिजवणंच नाही, त्यामुळे सी जीवनसत्त्व शाबूत. फक्त धुण्यात तिथे अजिबात कुचराई नको. अळू मात्र कच्चं चाखूही नका, घसा धरतो; ते चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवायचं.

लोखंडी कढई मिळाली तर जरूर घ्या, भाजीत थोडं लोह तीही देते. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते.

एकटीला एक जुडी जास्तच होते. राहिलेली निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस छान राहते. चौथ्या दिवशी मेथी उरलीच तर धुऊन चिरा आणि कणकेत घालून थालीपिठासारखी थापा.