हाताला येते ते शब्दांतही यावे लागते

प्रिय खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. या मोसमानंतर व्हॉलीबॉल खेळणे थांबवून प्रशिक्षक व्हायचे तू ठरवले आहेस आणि एका संघाने तुला थेट मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले आहे, हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. तू विजेत्या संघाची प्रमुख खेळाडू आहेस, आणि मला काळजी वाटते ती नेमकी त्यामुळेच. जी गोष्ट आपल्या अंगात इतकी मुरली आहे की ती करताना विचारच करावा लागत नाही, ती दुसऱ्याला शिकवणे फार अवघड असते. आणि स्मॅश तुझ्या अंगात तसाच मुरलेला आहे.

मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, "मॅडम, उडी नेमकी केव्हा घ्यायची?" मी उत्तर दिले, "चेंडू येताना दिसला की घ्यायची." ती मान डोलावून रांगेत गेली आणि पुढच्या चारही वेळा, ती खाली येऊ लागल्यावर चेंडू तिच्यापर्यंत पोहोचला. रात्री मी खोलीतल्या खोलीत पावले टाकून पाहिली, तेव्हा लक्षात आले की मी आधी सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंच उडवून देणाऱ्या खेळाडूच्या, हातांकडे पाहत असे, चेंडू सुटून त्याचा चढ कळेपर्यंत थांबत असे, पहिले पाऊल सावकाश टाकत असे आणि शेवटची दोन झपाट्याने. इतकी वर्षे मी हे करत आले होते आणि मला ते ठाऊकच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला एवढेच सांगितले, "सुरुवात उशिरा कर, शेवटची दोन पावले झटपट टाक." काही प्रयत्नांतच तिचा तळवा चेंडूवर नीट बसला, आणि तो आवाज ऐकून तिने माझ्याकडे वळून पाहिले ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून आजपासून एक वही कर. सर्व्हिस घेताना तुझे वजन कोणत्या पायावर असते, ब्लॉकला, म्हणजे जाळीवर हात उंचावून स्मॅश अडवायला, जाताना तू चेंडू पाहतेस की समोरच्या खेळाडूचा खांदा, सेटरकडून चेंडू चुकीचा आला तर मनगट कसे वळवतेस, हे सगळे सरावानंतर लगेच लिहीत जा. तू अजून खेळते आहेस, तोवरच हे पकडता येईल. शरीर सुटले की आठवण गोड होते आणि खोटीही.

मुख्य प्रशिक्षकपदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आधी कोणाच्या तरी हाताखाली काम कर. लांग पिंग यांचेच पाहा. 1984 मध्ये चीनच्या संघातून ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून त्या खेळाच्या शिखरावर होत्या, तरी निवृत्तीनंतर अमेरिकेत शिकायला गेल्या आणि तिथे विद्यापीठाच्या संघाला साहाय्यक म्हणून शिकवू लागल्या. कार्च किराय यांच्याकडे तर खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदके होती, 1984 आणि 1988 ची इनडोअर व्हॉलीबॉलची आणि 1996 चे बीच व्हॉलीबॉलचे. तेसुद्धा अमेरिकेच्या महिला संघात आधी साहाय्यक प्रशिक्षक होते, मग 2012 नंतर मुख्य झाले आणि टोकियोत त्या संघाला त्याचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. अशा माणसांना साहाय्यकपद कमीपणाचे वाटले नाही, तर तुला का वाटावे?

लांग पिंग यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये, 2016 साली, त्या प्रशिक्षक असलेला चिनी संघ गटातल्या पाचपैकी तीन सामने हरला आणि चौथ्या क्रमांकाने कसाबसा पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ब्राझील होता, आधीच्या दोन्ही ऑलिंपिकचा विजेता. पहिला सेट 25-15 असा गेला, आणि तरीही चीनने तो सामना पाचव्या सेटमध्ये 15-13 ने काढला, पुढे नेदरलँड्सला आणि अंतिम सामन्यात सर्बियाला हरवले. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी व्हॉलीबॉलचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या. मी त्या ब्राझीलविरुद्धच्या सामन्याचा विचार करते तेव्हा मला बाकावरची ती बाई दिसते, जिचा स्मॅश एके काळी जगाला धाक घालत असे आणि जिला आता एकही चेंडू मारता येणार नव्हता.

ते सोसणे तुला सगळ्यांत जड जाईल. संघ मागे पडला की तुझे पाय आपोआप जाळीकडे ओढ घेतील, आणि नियमाने तुझ्या हातात असतील फक्त खेळाडूंचे बदल आणि सेटमधले दोन टाइम-आउट, प्रत्येकी 30 सेकंदांचे. माझ्या पहिल्या वर्षी मी त्या अर्ध्या मिनिटात सहा-सात सूचना करत असे. मुली पाणी पिऊन परत जात आणि पुढची सर्व्हिस पुन्हा तिथेच, दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडे. एकच गोष्ट सांगायची, नाव घेऊन, तिच्या डोळ्यांकडे पाहत, आणि ती समजली का हे तिच्या तोंडून वदवून घ्यायचे, हे शिकायला मला एक पूर्ण मोसम लागला.

सरावातही सांभाळ. ब्लॉकच्या सरावासाठी प्रशिक्षक स्टुलावर उभा राहून जाळीपलीकडे चेंडू मारतो. तुझा हात अजून ताकदीचा आहे, आणि कधी तरी एखादा चेंडू तू पूर्ण जोराने मारशील, कारण तुला स्वतःलाच बरे वाटेल. समोरची सतरा वर्षांची मुलगी त्यानंतर हात जाळीवर पुढे नेण्याऐवजी चेहऱ्यासमोर धरू लागते, आणि ती सवय मोडायला महिने जातात. तिला हात नीट लावता येईल इतक्याच जोराने मार.

त्या संघाला लगेच नकार कळवू नकोस. एक वर्ष साहाय्यक म्हणून घ्याल का, असे विचार. पुढच्या महिन्यात तू इकडे येशील तेव्हा सविस्तर बोलू. येताना वही आण, आणि सर्व्हिस घेण्याचे पान आधी लिहून काढ. त्यात तू पायांबद्दल काय लिहिलेस ते मला पाहायचे आहे.

तुझी,
मॅडम