धाकटीची काळजी रास्तच, पण थोरल्याचे काय?

ताई, तुमच्या चार पानी पत्रातील जवळजवळ सगळी पाने मुलीच्या रडण्याविषयी आणि तिला सुट्टीत कोल्हापूरला आजीकडे पाठवावे का याविषयी आहेत आणि मुलाच्या वाट्याला इतकेच आले आहे : "थोरल्याची काही तक्रार नाही. जरा चिडका झालाय, रात्र-रात्र गेम खेळतो, गेल्या सुट्टीत कोल्हापूरला आजोबांनाही उलटून बोलला, पण वयच ते." रागावू नका, पण अमेरिकेतील आपल्या घरांतून येणाऱ्या पत्रांत मुलगा नेहमी असाच एका ओळीत उरकलेला असतो.

वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यातील नैराश्याचे प्रमाण साधारण सारखे असते, पुढे मुलींमध्ये ते सुमारे दुप्पट होते. मुली तेच तेच मनात घोळवतात, रडतात, आईपाशी किंवा मैत्रिणीपाशी बोलतात, म्हणून त्यांचा त्रास निदान दिसतो. मुलग्यांचे नैराश्य मात्र पुष्कळदा चिडचिड, भांडणे, व्यसन किंवा अबोला यांच्या आड दडते आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होतो, वास्तविक जगभरात आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे.

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी धाकटा भाऊ बारावीनंतर असाच भरल्या ताटावरून उठून जायचा. "तालमीत घाला, रग जिरेल," असा वडिलांचा निवाडा होता. तालमीने त्याची झोप सुधारली, हे मान्य, पण तो बोलता झाला तो मामांच्या स्कूटरवर मागे बसून पन्हाळ्याला जाताना, कारण तिथे कोणी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझा मुलगाही गाडीतच बोलतो. तुम्हीही थोरल्याला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. त्याच्या वडिलांना त्याच्याबरोबर बाहेर पडू द्या. चिडचिड, झोपेचा गोंधळ आणि मित्रांना टाळणे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर त्याच्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या. जीव नकोसा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर तुमच्याकडे अमेरिकेत ९८८ या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाणीच्या क्रमांकावर अहोरात्र बोलता येते.

मुलीला यंदा राजारामपुरीत आजीकडे जरूर पाठवा, फक्त शाळेतील समुपदेशकांशी चाललेले तिचे बोलणे सुट्टीतही फोनवर चालू राहील का, ते आधी विचारून घ्या. तिच्या मराठी शाळेच्या गुणांविषयी पुन्हा कधीतरी.