‘साल्वो के’नंतर क्रियापद कोणतं?

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमध्ये ‘आ मेनोस के’ किंवा ‘आ नो सेर के’ (दोन्हींचा अर्थ ‘तसं झालं तर सोडून’) आलं की पुढे सबजंक्टिव्ह (नुसती शक्यता, अट, न घडलेली गोष्ट यांसाठीचं क्रियापदाचं रूप) हमखास येतो, मग त्याच अर्थाच्या ‘साल्वो के’नंतर कधी सबजंक्टिव्ह तर कधी साधा इंडिकेटिव्ह (खरी घडणारी गोष्ट सांगणारं नेहमीचं रूप) का दिसतो?

कारण ‘साल्वो के’ (आणि त्याचा जुळा भाऊ ‘एक्सेप्तो के’) दोन वेगळी कामं करतो. ही दोन वाक्यं पाहा:

बामोस आ प्ये, साल्वो के युएवा. – पाऊस आला तर गोष्ट वेगळी, एरवी आपण चालतच जाऊ.

तोदो साल्यो ब्येन, साल्वो के योव्यो. – सगळं छान पार पडलं, फक्त पाऊस पडला तेवढं सोडून.

क्रियापद एकच, ‘योवेर’ (पाऊस पडणं). पहिल्या वाक्यात पाऊस ही नुसती शक्यता आहे. बोलणारा तो पडेल असंही म्हणत नाही आणि पडणार नाही असंही नाही. म्हणून ‘युएवा’. दुसऱ्यात पाऊस पडून गेलाय, त्याची बातमी दिली जातेय. म्हणून ‘योव्यो’. ‘आ मेनोस के’ मात्र फक्त अट घालतं, बातमी देत नाही. त्यामुळे तिथे सबजंक्टिव्हला पर्याय नाही.

यावरून ‘भविष्याला सबजंक्टिव्ह, भूतकाळाला इंडिकेटिव्ह’ असा नियम कृपया काढू नका. ‘ईबामोस आ प्ये, साल्वो के योव्येरा’ म्हणजे ‘आम्ही चालत जायचो, पाऊस असला तर नाही’. काळ भूतच, पण अट अटच राहिली, म्हणून भूतकाळाचा सबजंक्टिव्ह.

मराठी माणसाची खरी पंचाईत वेगळीच होते. हीच अट आपण बहुधा ‘नाही’ वापरून घालतो: ‘पाऊस आला नाही तर जाऊ.’ तो ‘नाही’ हातासरशी स्पॅनिशमध्येही उतरतो आणि ‘आ मेनोस के नो युएवा’ तयार होतं. अर्थ थेट उलटा: पाऊस नसेल तर जाणार नाही! ‘आ मेनोस के’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘नो’ हवाच असेल तर ‘सी’ (जर) घेऊन ‘सी नो युएवे’ म्हणा, आणि तिथे इंडिकेटिव्ह. वर्तमानकाळात ‘सी’ला सबजंक्टिव्ह अजिबात चालत नाही, म्हणून ‘साल्वो सी युएवे’सुद्धा इंडिकेटिव्हच.

‘सिन के’ला (‘तसं न होता’) मात्र शक्यता-बातमीची ही कसोटी लावू नका. ‘से फुए सिन के नादिए लो व्येरा’, म्हणजे ‘कुणाच्या नकळत तो निघून गेला’. प्रसंग घडून गेलाय, तरी सबजंक्टिव्ह, कारण ‘सिन के’पुढची गोष्ट (कुणी पाहणं) घडलेलीच नसते. कर्ता एकच असेल तर ‘के’ गाळून सरळ मूळ रूप घ्या: ‘से फुए सिन देसीर नादा’, काही न बोलता गेला. ही सवलत ‘आ मेनोस के’ला नाही, तिथे कर्ता एक असला तरी ‘नो आप्रोबारास आ मेनोस के एस्तुदिएस’ असंच सहसा म्हणतात: अभ्यास केल्याशिवाय तू पास होणार नाहीस.